कोण येतंय?

पुण्यात टेनिसची मोठी स्पर्धा भरलीय असं कुणाला सांगितलं, की उलट प्रश्न ठरलेला असायचा: "कोण येतंय?" लग्नाचं आमंत्रण आल्यावर "जेवायला काय आहे?" असं विचारताना माणूस थोडा तरी ओशाळतो. इथे तसलं काही नाही. सरळ "कोण येतंय?" आणि आपण दोन ओळखीची नावं सांगितली नाहीत, तर "हं, बघू" म्हणून गाडी पेट्रोलच्या भावाकडे. बालेवाडीत ही स्पर्धा होत होती त्या सगळ्या वर्षांत मी हा प्रश्न ऐकला. पहिल्या वर्षी तर तो सगळ्यांत मोठ्यानं मीच विचारत होतो.

चेन्नईत वीसएक वर्षं चाललेली एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, स्पर्धा २०१८पासून पुण्यात होणार ही बातमी आली, तेव्हा आमच्या सकाळच्या टेनिस मंडळींत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आम्ही म्हणजे सिमेंटच्या कोर्टावर साडेसहाला जमणारे, गुडघ्याला पट्टा बांधून डबल्स खेळणारे आणि खेळापेक्षा नंतरच्या चहावर जास्त वेळ काढणारे लोक. त्यांतले एक काका नोकरीनिमित्त चेन्नईत राहून आलेले. २००८ साली त्यांनी तिथे नदाल पाहिला होता. उपांत्य फेरीत तो आपल्याच देशाच्या कार्लोस मोयाशी जवळजवळ चार तास झुंजला, तिन्ही सेट ६-६ होऊन टायब्रेकला गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पायांत काही उरलंच नव्हतं, आणि अंतिम सामन्यात मिखाईल यूझ्नीनं त्याला ६-०, ६-१ असा गुंडाळला. "फायनलचं तिकीट होतं माझ्याकडे," काका सांगायचे, "तासाभरात घरी!" ते हे तक्रारीच्या सुरात सांगत, पण त्या तक्रारीत नदाल होता. अशी एखादी तक्रार आपल्याही पदरात पडावी, एवढीच आमची माफक इच्छा.

डिसेंबरात यादी आली. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिला टेनिसमधली चारच नावं ठाऊक होती. त्या काळात कुणालाही चारच ठाऊक असत.

"बाबा, फेडरर येणार?"

"तो पर्थला आहे. तिथे दुसरी स्पर्धा असते."

"नदाल?"

"गुडघा दुखतोय त्याचा."

"जोकोविच?"

"कोपर."

"मरे?"

"खुबा."

"मग आपण दवाखान्यातच जाऊ या ना!"

ती हसली, मी नाही हसलो. मी तिकिटं काढून बसलो होतो.

यात पुण्याचा दोष नव्हता, हे मला नंतर उमगलं. पुरुषांच्या टेनिसमध्ये स्पर्धांची उतरंड पक्की आहे. ग्रँड स्लॅम, म्हणजे विम्बल्डनसारख्या चार सगळ्यांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी, जिंकणाऱ्याला २००० गुण, खाली मास्टर्स १०००, मग ५००, आणि सगळ्यांत खाली २५०. बालेवाडीची स्पर्धा २५०ची. वरच्या खेळाडूंना ग्रँड स्लॅम आणि बहुतेक मास्टर्स टाळता येत नाहीत. २५० म्हणजे मात्र खुशीचा मामला. तिथे बड्या खेळाडूला आणायचं तर बक्षिसाच्या रकमेखेरीज त्याला नुसतं येण्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. पुण्याची बक्षिसाची एकूण रक्कम, म्हणजे सगळ्या खेळाडूंत वाटायची मिळून, पाच-साडेपाच लाख डॉलरच्या घरात. एखाद्या अव्वल खेळाडूला त्यात काय गोडी वाटणार? शिवाय तारीख जानेवारीचा पहिला आठवडा. पुढे दहा-पंधरा दिवसांत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन. त्याच आठवड्यात ब्रिस्बेनला स्पर्धा, दोह्याला स्पर्धा. ज्याला मेलबर्नचं लग्न गाठायचंय तो आदल्या मुक्कामाला ब्रिस्बेनलाच उतरणार. पुण्याला वाट वाकडी करून कोण येईल?

तरी कुणी कुणी आलेच. मारिन चिलिच आला. २०१४चा अमेरिकन ओपन विजेता, जगात सहावा. केव्हिन अँडरसन आला, आदल्याच सप्टेंबरात अमेरिकन ओपनची फायनल खेळलेला. ही काय लहान माणसं झाली? पण आमच्या चहाच्या टपरीवर निकाल लागला तो असा: "चिलिच ठीक आहे. पण तो काही फेडरर नाही." यावर वाद घालणंच शक्य नव्हतं. पुण्यात माणूस काय आहे यापेक्षा काय नाही, हे सांगण्याची पद्धत फार जुनी आहे.

बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं. तेव्हा ते गावाबाहेर होतं; आता गावच त्याच्याबाहेर चहूकडे पसरलंय. कोथरूडहून निघून चांदणी चौकाच्या कोंडीत अर्धा तास घालवून आम्ही पोचलो, तेव्हा उन्हं उतरत होती. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज. टीव्हीवर चेंडू "टॉक" करतो. तिथे तो बंद खोलीत पुस्तक आपटल्यासारखा वाजतो, आणि त्यापाठोपाठ बुटांची किरकिर. दुसरी गोष्ट म्हणजे उंची. टीव्हीचा कॅमेरा वरून बघतो, म्हणून चेंडू जाळीवरून सावकाश येतोय असं वाटतं. खालच्या रांगेत बसलं की कळतं, तो जाळीच्या जेमतेम वीतभर वरून जातोय आणि आपल्याला दिसेपर्यंत पोचलेला असतो. आयुष्यभर टेनिस पाहिलं अशी माझी समजूत होती. मी टीव्ही पाहिला होता.

त्या वर्षी स्पर्धा जिंकली जिल सिमाँनं. फ्रान्सचा, तेहतीस वर्षांचा, अंगानं काटकुळा. कधीकाळी जगात सहावा होता, तेव्हा ८९वा. प्रेक्षक त्याला "सायमन, सायमन" म्हणून हाका मारत होते आणि तोही बापडा त्या नावाला ओ देत होता. त्यानं उपांत्य फेरीत चिलिचला पाडलं आणि अंतिम फेरीत अँडरसनला. कसं पाडलं, हे मी पुढे कितीतरी दिवस कोर्टावरच्या मंडळींना समजावून सांगायचा प्रयत्न करत होतो आणि जमत नव्हतं. कारण सिमाँ काही करतच नव्हता! समोरून तोफ सुटावी तसा चेंडू यायचा आणि हा त्याचा सगळा वेग शोषून घेऊन बिनवजनाचा चेंडू परत द्यायचा, बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या, वीतभर आत. पुन्हा तोफ, पुन्हा तोच थंड चेंडू. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या बाईनं आवाज न चढवता "नाही हो, दहालाच द्या" म्हणत राहावं, तसं. चिलिचनं पहिला सेट सहज घेतला होता. दुसऱ्यात त्याला फटक्यांना थोडा थोडा जास्त जोर द्यावासा वाटायला लागला, मग रेषा चुकायला लागल्या, मग तो स्वतःशी बोलायला लागला. तिसऱ्या सेटमध्ये शेजारचे एक आजोबा म्हणाले, "हा पोरगा त्याला मारत नाहीये, दमवतोय." त्या वाक्यात माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा जास्त टेनिस होतं.

सिमाँ त्याच वेळी डबल्सच्याही फायनलला पोचला होता. ती मात्र तो हरला. वर्षातला पहिला आठवडा, तेहतिसावं वर्ष आणि दोन-दोन फायनल. मला राहून राहून वाटत होतं, की टीव्हीवर या माणसाचा सामना लागला असता तर मी दहा मिनिटांत चॅनेल बदललं असतं.

तीनएक आठवड्यांनी चिलिच मेलबर्नला फायनलमध्ये फेडररशी पाच सेट खेळला. त्या जुलैत अँडरसननं विम्बल्डनला दोन सेटची पिछाडी भरून काढून फेडररला हरवलं, पाचवा सेट १३-११. आमच्या चहाच्या टपरीवर तेव्हा सगळ्यांनाच आठवलं, की अरे, हे तर आपल्याकडे येऊन गेलेले. "मी तेव्हाच म्हणालो होतो," असं म्हणणारे तर इतके निघाले, की त्यांनीच सगळं स्टेडियम भरलं असतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. तारे भारतात आले नव्हते असं नाही. २०१४च्या डिसेंबरात फेडरर आणि जोकोविच दिल्लीत खेळले, २०१५मध्ये फेडरर आणि नदाल. ती लीग होती, संघांची. एका सेटचा सामना, घड्याळ लावलेलं, गुण दुप्पट करायची मुभा, मध्ये मध्ये संगीत. मी ते घरी सोफ्यावर बसून पाहिलं, ऑफिसातून लवकर येऊन. फेडरर आणि नदाल आपल्या देशात, समोरासमोर! आणि आज त्यातला एक चेंडू मला आठवत नाही. फेडररचं हसू आठवतं, नदालच्या डोक्याचा पट्टा आठवतो, प्रेक्षकांत बसलेली सिनेमातली मंडळी आठवतात. सिमाँचा तो बेसलाइनजवळ येऊन मेलेला बॅकहँड मात्र पायांच्या हालचालीसकट डोळ्यांसमोर आहे. दिल्लीत ज्या कुणाला त्या रात्री हरायचं होतं, त्याचं हरण्यानं काही बिघडणार नव्हतं. ८९व्या क्रमांकाच्या माणसाचं बिघडतं. दोन आठवडे लवकर हरला की विमानाचं तिकीट, प्रशिक्षकाचा खर्च, पुढच्या स्पर्धेत थेट प्रवेश की पात्रता फेरी, सगळी गणितं बदलतात. हे त्याच्या खांद्यांवरून दिसतं.

दुसऱ्या वर्षी, २०१९च्या पहिल्याच दिवशी, बालेवाडीत एक गंमत पाहिली. संध्याकाळची वेळ. माझ्या पुढच्या रांगेतला गृहस्थ मान खाली घालून मोबाइल बघत होता. डोकावून पाहिलं तर पर्थ! फेडरर आणि सेरेना विल्यम्स एकमेकांविरुद्ध मिश्र दुहेरी खेळत होते. समोर वीस-पंचवीस पावलांवर दोन माणसं घामाघूम होऊन एका गुणासाठी धावतायत, आणि तिकीट काढून आलेला हा माणूस तळहातावरचा फेडरर बघतोय. मला हसू आलं. मग लक्षात आलं, की गेली पाच मिनिटं मीही त्याच्या खांद्यावरून तेच बघतोय.

त्या वर्षीची फायनल इव्हो कार्लोविच आणि केव्हिन अँडरसन यांच्यात झाली. एक सहा फूट अकरा इंच, दुसरा सहा फूट आठ. कार्लोविच एकोणचाळीस वर्षांचा, चाळिशीला दोन महिने कमी. १९७७ साली केन रोझवॉल हाँगकाँगमध्ये खेळला होता, त्यानंतर इतक्या वयाचा माणूस एटीपीच्या एकेरीच्या फायनलला पोचला नव्हता. (हाँगकाँग हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे चेंडू चेन्नईपेक्षा जरा जास्तच उडतो. त्यात हे दोन ताडमाड. ७-६, ६-७, ७-६ असा निकाल. टेनिसच्या जाणकारांना असला सामना आवडत नाही. नुसती सर्व्हिस, रॅली कुठे आहे, म्हणतात. मलाही वाटलं होतं कंटाळा येईल. पण त्या अंतरावरून कार्लोविचची सर्व्हिस बघणं हा वेगळाच प्रकार. तो चेंडू वर फेकायचा, शरीर उलगडायचं, आणि समोरचा अँडरसन, जो स्वतः दाराची चौकट वाकून ओलांडत असणार, तो बिचारा छापा-काटा करावा तसा एक बाजू निवडून झेपावायचा. बरोबर निघाली तर चेंडू रॅकेटला लागायचा. तिसऱ्या टायब्रेकमध्ये सगळं स्टेडियम कार्लोविचच्या बाजूनं झालं. कारण साधं होतं, प्रेक्षकांत चाळिशी ओलांडलेलेच जास्त होते. तो ५-७ असा हरला तेव्हा माझे गुडघे दुखले.

त्याच वर्षी आपल्या रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी डबल्स जिंकलं. डबल्सला गर्दी सिंगल्सपेक्षा जास्त असायची, हे एक मी नोंदवून ठेवतो. ओळखीचं नाव असलं की लोक येतात, मग ते अर्ध्या कोर्टाचं का असेना.

मग २०२०. वर्षाच्या सुरुवातीला देशांची एटीपी कप नावाची नवी स्पर्धा सुरू झाली आणि पुण्याची तारीख फेब्रुवारीवर ढकलली गेली. म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन उरकून सगळे दमून घरी चाललेले असताना पुणं म्हणणार, "जरा टेकून जा." त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये मोंपेलिए आणि अर्जेंटिनात मातीच्या कोर्टावर कोर्दोबा. युरोपातले युरोपात गेले, मातीवरचे मातीवर. राहिलेले आमच्याकडे. यिरी वेसेली जिंकला, उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा दोन्ही सामन्यांत मॅच पॉइंटवरून, म्हणजे आणखी एक गुण गेला तर हार अशा अवस्थेतून, परत येऊन. पण त्या वर्षी लोकांना वेसेलीचं काय होतं! लोक आले ते लिअँडर पेसला बघायला. सेहेचाळिसाव्या वर्षी, हा आपला शेवटचा मोसम असं सांगून तो आला होता. साथीला ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन. आम्ही पेसच्या प्रत्येक व्हॉलीला उभे राहत होतो आणि एब्डनकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. तो आपला पेसला चेंडू सोडून बाजूला व्हायचा, हातावर टाळी द्यायचा, पुन्हा जागेवर. चार वर्षांनी ऑस्ट्रेलियन ओपनचं डबल्सचं विजेतेपद घेऊन त्रेचाळीस वर्षांचा बोपण्णा जगात पहिला झाला, तेव्हा त्याच्या शेजारी चषक धरून उभा होता तोच एब्डन. मी बालेवाडीतले फोटो काढून पाहिले. सात फोटो. सगळ्यांत पेस. एका फोटोच्या कडेला एब्डनचा अर्धा दंड आलाय.

२०२१ला करोनामुळे स्पर्धाच झाली नाही. २०२२ला झाली, मी घरूनच पाहिली. पोर्तुगालचा जुआंव सोझा जिंकला, बत्तीस वर्षांचा, क्रमवारीत १३७वा. फायनलमध्ये फिनलंडचा एमिल रूसुवुओरी हरला. आणि डबल्स पुन्हा बोपण्णानंच, या वेळी रामकुमार रामनाथनबरोबर.

२०२३ला तारीख परत जानेवारीत आली आणि चिलिचही परत आला, अव्वल मानांकित म्हणून. या वेळी मी शहाणा झालो होतो. पहिल्या फेरीची तिकिटं कुणालाही मिळतात, आपण उपांत्यपूर्वची काढायची, चिलिच तिथपर्यंत येणारच. आला. आणि सामन्याआधी गुडघा दुखावल्यामुळे खेळणार नाही असं जाहीर झालं. लेक आता तेरा वर्षांची. तिनं माझ्याकडे बघितलं फक्त. "दवाखाना" हा शब्द तिनं उच्चारला नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

पण खरं तर त्या वर्षीचा माझा सामना तोवर होऊन गेला होता. पहिल्या फेरीत वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, आलेला मानस धामणे. पुण्याचा मुलगा, पंधरा वर्षं पूर्ण होऊन आठवडाही न झालेला. इटलीत रिकार्दो पियात्तीच्या अकादमीत सराव करत होता, यानिक सिनर जिथे घडला तिथेच. समोर अमेरिकेचा मायकेल मो. त्या दिवशी कुणी "कोण येतंय?" विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं कोण येतंय. शाळांतली मुलं होती, त्यांचे आईबाप होते, गळ्यात शिट्ट्या अडकवलेले कोच होते. मानस हरला, २-६, ४-६. पहिल्या सेटमध्ये त्याचे पाय कोर्टाला चिकटल्यासारखे वाटत होते. दुसऱ्यात त्यानं एक फोरहँड असा रेषेत घातला की मो जागचा हललाच नाही, आणि बालेवाडीत जो आवाज झाला तसा मी चिलिचसाठी, अँडरसनसाठी, अगदी पेससाठीही ऐकला नाही. लेक हळूच म्हणाली, "बाबा, हा माझ्याहून फक्त दोन वर्षांनी मोठा आहे." त्या चार नावांनंतर इतक्या वर्षांत टेनिसबद्दल ती आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. फेडरर आला असता तर तिनं त्याच्याबरोबर सेल्फी मागितला असता. या मुलाकडे मात्र ती बराच वेळ नुसती बघत राहिली. त्याच्या आईबाबांकडेही बघत असावी. पुढच्या महिन्यात तिनं माझी जुनी रॅकेट मागून घेतली. (आता ती बॅडमिंटन खेळते. गोष्टी आपल्याला हव्या तशा संपत नाहीत.)

चिलिच ज्याच्याशी खेळणार होता तो टॅलन ग्रीकस्पूर न खेळताच पुढे गेला आणि शेवटी स्पर्धाही त्यानंच जिंकली, फ्रान्सच्या बेंजामिन बाँझीला ४-६, ७-५, ६-३ असं हरवून. नेदरलँड्सचा हा गडी २०२१मध्ये खालच्या पातळीवरच्या, चॅलेंजर म्हणतात त्या, तब्बल आठ स्पर्धा जिंकला होता, एका वर्षात इतक्या कुणीच जिंकल्या नव्हत्या. तरी पुण्याला आला तेव्हा ९५वा, आणि एटीपी टूरवरचं हे त्याचं पहिलं विजेतेपद. ते वर्ष संपेपर्यंत तो पहिल्या पंचविसात होता. चषक हातात घेतल्यावर त्याला तो कुठे धरावा हेच कळत नव्हतं. फेडररला हे कधीच जमलं नसतं. त्याला चषक धरायची फार सवय.

त्या आठवड्यात जोकोविच ॲडलेडला खेळत होता, नदाल सिडनीत. मला हे आत्ता लिहिताना आठवलं. त्या वेळी लक्षातही नव्हतं.

आणि मी अशा रीतीनं पुरता तयार झाल्यावर स्पर्धाच गेली. २०२४पासून जानेवारीतली ती जागा हाँगकाँगला मिळाली. तिथल्या पहिल्याच फायनलमध्ये आंद्रे रुब्लेव्हसमोर कोण हरलं असेल? एमिल रूसुवुओरी. पुण्यात हरलेला माणूस दोन वर्षांनी त्याच स्पर्धेत तिच्या नव्या घरी जाऊनही हरला. असल्या गोष्टींनी मी हल्ली फार हळवा होतो. बाकी आमच्या चहाच्या टपरीवर स्पर्धा गेल्याची बातमी दोन मिनिटांत संपली. "नाहीतरी कोण येत होतं?" काका म्हणाले. मी त्यांना नावं सांगायला सुरुवात केली. सिमाँ, वेसेली, सोझा, ग्रीकस्पूर. ते शांतपणे ऐकत होते. मधेच म्हणाले, "बरं, साखर कमी टाकायला सांग त्याला." त्यांचंही खरं होतं. स्टेडियम रिकामं पडायचं, दुपारच्या सामन्यांना बॉलबॉय आणि प्रेक्षक यांची संख्या सारखी असायची. मोठं नाव नाही तर प्रेक्षक नाही, प्रेक्षक नाही तर जाहिरातदार नाही, आणि जाहिरातदार नाही तर मोठं नाव आणायचं कशानं? या चक्रात माझ्या हळवेपणानं एक खुर्ची भरत होती. फार तर दोन, लेक आली तर.

आता माझ्या शहाणपणाची दुसरी बाजू.

गेल्या वर्षी, २०२५च्या ऑक्टोबरात, शांघाय मास्टर्सची फायनल मी टीव्हीवर पाहत होतो. मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो. क्रमवारीत २०४वा, पात्रता फेरीतून आलेला, उपांत्य फेरीत जोकोविचला हरवलेला. फायनलला समोर कोण, तर त्याचा सख्खा मावसभाऊ की मामेभाऊ, आर्थर रिंडरक्नेश. वाशरोनं पहिला सेट गमावून सामना जिंकला आणि इतक्या खालच्या क्रमांकावरून मास्टर्स जिंकणारा तो पहिलाच ठरला. बक्षीस घेताना दोघंही भाऊ रडत होते. मीही थोडा. हेच ते, हेच मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगतोय, असं म्हणत मी सोफ्यावरून उठलो. कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून त्याची जुनी कामगिरी मोबाइलवर शोधली.

चॅलेंजर विजेतेपदं. थायलंड. आणि पुणे, फेब्रुवारी २०२४.

बालेवाडी. तेच कोर्ट. एटीपीची मोठी स्पर्धा हाँगकाँगला गेली त्याच वर्षी तिथे चॅलेंजर भरली होती. ॲडम वॉल्टनविरुद्ध फायनल, पहिला सेट गमावलेला, पुढचे दोन्ही टायब्रेकवर जिंकलेले. घरापासून बारा किलोमीटर.

मी तेव्हा गावातच होतो. कोर्टावरच्या एका मित्राचा त्या रविवारी सकाळी मेसेज आला होता, एवढं अंधूक आठवत होतं. वर वर सरकवत गेलो. मुलांच्या वाढदिवसांचे केक, कुणाच्या तरी तेराव्याचा निरोप, सुप्रभाताची फुलं. सापडला.

"बालेवाडीला चॅलेंजरची फायनल आहे. येतोस का?"

त्याखाली माझं उत्तर.

"कोण आहे?"